पटकथा कशात लिहावी : एकट्यानं आणि मिळून

मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत अजून.

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण माझ्यासाठी थांबला होता. म्हणाला, "सर, मी आणि माझा मित्र मिळून एक पटकथा लिहितोय. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" मी म्हटलं, "अरे, मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. हे मला कशाला विचारतोस?" तर म्हणतो, "तुम्ही एक पटकथा लिहिलीय असं ऐकलंय." ऐकलंय ते खरं आहे. म्हणजे अर्धी लिहिलीय. दुसरी अर्धी कोणाची, याचीच गोष्ट आज मध्येमध्ये येणार आहे. त्या मुलाला मी तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगून वाटेला लावलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आजचं बोलणं हे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

सुरुवात जरा आमच्या पद्धतीनं करतो. व्याकरणात कारकं असतात, शाळेत आपण ती घोकली आहेत. पाणिनीनं कर्ता कोण हे ठरवताना स्वातंत्र्य हा निकष धरला : क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि करण म्हणजे साधन. पण कुठलंही साधन नव्हे, तर क्रिया तडीला नेण्यात जे सगळ्यांत जास्त कामी येतं ते. आता 'सगळ्यांत जास्त कामी येणारं' हे क्रियेवरून ठरतं, साधनाच्या किमतीवरून नाही. लाकूड तोडायला कुऱ्हाड, भाजी चिरायला विळी. कुऱ्हाड महाग आहे म्हणून तिनं कोणी कोथिंबीर चिरत नाही.

सॉफ्टवेअर हे करण आहे. त्यामुळे 'कोणतं चांगलं' हा प्रश्न अपुरा आहे. कर्ता एक आहे की दोन, आणि लिहिलेलं शेवटी कोणाच्या हातात जाणार, हे आधी विचारायचं. कर्ता एक असेल तर प्रश्न सोपा आहे. कर्ते दोन झाले की 'स्वातंत्र्य' या शब्दाचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. तिथे सॉफ्टवेअर थोडी मदत करतं, बाकीचं आपल्याला करावं लागतं.

पटकथेचं पान असं का दिसतं?

आधी हे प्रोग्रॅम करतात काय ते बघू. पटकथेचं जे पान जगभर प्रमाण मानलं जातं ते हॉलिवूडचं आहे, आणि ते टाइपरायटरच्या काळातलं आहे. टाइप 'कुरिअर', आकार 12 पॉइंट, एका इंचात बरोबर 10 अक्षरं. कुरिअरमध्ये प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. त्यामुळे पानावर किती मजकूर बसणार हे ठरलेलं असतं, आणि त्यातून 'एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट' हा ठोकताळा आला. 110 पानं झाली की निर्मात्याला कळतं, पावणेदोन तासांचा ऐवज आहे.

पानावर मोजून चार-पाच प्रकारच्या ओळी असतात. सीनचं शीर्षक, म्हणजे आत की बाहेर, कुठे, दिवस की रात्र. मग घडतंय त्याचं वर्णन. मग पात्राचं नाव, त्याखाली संवाद, आणि लागलीच तर कंसात छोटी सूचना. प्रत्येकीचा समास वेगळा. प्रोग्रॅमचं पहिलं काम एवढंच : ही ओळ कोणत्या प्रकारची आहे हे ओळखायचं आणि ती जागच्या जागी बसवायची. हे साध्या वर्डमध्येही स्टाइल्स बनवून करता येतं. वेळ जातो, पण येतं.

दुसरं काम मात्र वर्डला झेपत नाही. ते शूटिंगच्या तयारीला सुरू होतं. सीनना क्रमांक पडतात आणि ते 'लॉक' होतात. का? कारण कपडेपटानं, कलादिग्दर्शकानं, असिस्टंटनं आपापल्या याद्या त्या क्रमांकांवर केलेल्या असतात. 24 आणि 25 च्या मध्ये नवा सीन घातलात तर 25 चा 26 होऊन चालत नाही. नवा सीन 24 ए होतो. सीन काढला तरी त्याचा क्रमांक राहतो, पुढे फक्त 'वगळला' असं येतं. पानांचंही तसंच. आणि बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर वाटली जातात : आधी पांढरी, मग निळी, मग गुलाबी, पिवळी, हिरवी, अशी. सेटवर कोणाच्या हातात कुठला रंग आहे हे लांबून दिसतं. 'फायनल ड्राफ्ट'सारख्या महागड्या प्रोग्रॅमची किंमत मुख्यतः या कामाची असते.

तेव्हा पहिला निष्कर्ष घ्या. पहिला खर्डा लिहिणाऱ्या माणसाला ही दुसऱ्या टप्प्याची यंत्रणा लागत नाही. लग्न ठरायच्या आधी मांडव घालू नका.

देवनागरीची अडचण

आता आपल्या घरचा प्रश्न. कुरिअरचं सगळं गणित रोमन अक्षरांचं आहे. देवनागरीत 'क्ष्मी' आणि 'र' यांना सारखी जागा कशी देणार? वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतरही जास्त लागतं. शिवाय आपण ए-फोर कागद वापरतो, अमेरिकेत लेटर आकाराचा. त्यामुळे 'एक पान, एक मिनिट' हे मराठी पानाला आपोआप लागू होत नाही. उपाय जुनाच आहे. घड्याळ लावायचं आणि मोठ्यानं वाचायचं. चार-पाच सीन वाचले की आपल्या पानाला किती वेळ लागतो ते कळतं.

मुंबईत पुष्कळ जण वर्णन इंग्रजीत आणि संवाद देवनागरीत किंवा रोमन लिपीत लिहितात. ती सोय आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण ज्यांना सबंध मराठीत लिहायचं आहे त्यांनी पैसे भरण्याआधी एक परीक्षा घ्यावी. बहुतेक प्रोग्रॅम काही दिवस फुकट वापरायला देतात, तेवढ्यात ती होते. अर्धं पान लिहा. त्यात 'ज्ञानेश्वर', 'क्षितिज', 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड' असे शब्द असू द्या. मग चार गोष्टी बघा. जोडाक्षरं पडद्यावर नीट दिसतात का? पीडीएफ काढून दुसऱ्याच्या फोनवर उघडली तर तशीच दिसतात का? 'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर सापडतो का? आणि फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर मजकूर शाबूत राहतो का? चारही झालं तर प्रोग्रॅम घ्या. जाहिरातीत किती भाषांची नावं आहेत ते वाचत बसू नका.

या बाबतीत एक भारतीय प्रयत्न सांगण्यासारखा आहे, 'स्क्राइट'. भारतीय भाषांत पटकथा लिहिता यावी याच हेतूनं तो केलेला आहे. रोमन कळा दाबून मराठी उमटवण्याची सोय आणि सीनची कार्डं मांडून रचना बघण्याची सोय त्यात आहे. वर सांगितलेली परीक्षा त्यालाही द्यायला लावा.

एकट्यानं लिहिताना

एकटा लिहिणारा हा पूर्ण अर्थानं कर्ता असतो. त्याला साधनाकडून दोन गोष्टी हव्यात : लिहिताना मध्ये येऊ नकोस, आणि मी लिहिलेलं माझ्याकडून हिरावून घेऊ नकोस.

पहिली गोष्ट ज्याची त्याला कळते. दुसरीकडे लोक लक्ष देत नाहीत. ॲडोबी कंपनीची 'स्टोरी' नावाची पटकथालेखनाची सेवा होती, ॲमेझॉनची 'स्टोरीरायटर' होती. मोठ्या कंपन्या, पैशाला तोटा नाही. दोन्ही सेवा 2019 साली बंद झाल्या. 'सेलटेक्स' हा आधी आपल्या संगणकावर फुकट उतरवून घेता येणारा मुक्त प्रोग्रॅम होता, नंतर तो वर्गणीची ऑनलाइन सेवा झाला. यात कोणी फसवलं असं मी म्हणत नाही. धंद्यात असं होतं. पण तुमची पटकथा पाच-सात वर्षं निर्मात्यांच्या दारात फिरणार असेल, तर ती कंपनीच्या आयुष्यावर अवलंबून ठेवू नका. वर्गणी थांबवली तर माझी फाइल मला उघडता येईल का? बाहेर काढता येईल का? हे पैसे भरण्याच्या आधी विचारायचे प्रश्न आहेत.

इथे मला 'फाउंटन' ही कल्पना फार आवडते. फाउंटन हा प्रोग्रॅम नव्हे, ती लिहायची रीत आहे. जॉन ऑगस्ट हे पटकथालेखक आणि त्यांचे सहकारी यांनी ती 2012 मध्ये पुढे आणली. तुम्ही अगदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं, फोनच्या नोंदवहीतसुद्धा चालेल, फक्त काही खुणा पाळायच्या. ती रीत जाणणारा कुठलाही प्रोग्रॅम त्या मजकुरातून पटकथेचं पान तयार करतो. ॲपलच्या यंत्रांवर 'हायलँड' आहे, 'बीट' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. 'फेड इन' आहे, तो एकदाच विकत घ्यायचा असतो आणि फाउंटनची फाइल वाचतो. उद्या हे सगळे बुडाले तरी मजकूर वाचायला काहीच लागत नाही.

मराठीपुरती एक मेख आहे, ती सांगतो. फाउंटनमध्ये पात्राचं नाव ओळखण्याची खूण म्हणजे ती ओळ इंग्रजी मोठ्या लिपीत असणं. देवनागरीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेदच नाही. त्यामुळे प्रोग्रॅम गोंधळू शकतो, 'सुमन' हे पात्र आहे की वर्णनातला शब्द, हे त्याला कळत नाही. यावर त्या रीतीतच उपाय आहे. नावाच्या आधी ई-मेलच्या पत्त्यात येतं ते ॲटचं चिन्ह टाकायचं, की ती ओळ पात्राची ठरते. सीनच्या शीर्षकाच्या सुरुवातीला एक टिंब द्यायचं, की ते शीर्षक ठरतं. दोन खुणा आणि मराठी पटकथा रांगेला लागते.

एका सीडीची गोष्ट

आता माझी अर्धी पटकथा. आमच्या महाविद्यालयात मराठी शिकवणारा माझा एक मित्र होता. 2002 च्या सुमारास आम्ही दोघांनी मिळून एका टेलिफिल्मची पटकथा लिहिली. एक निवृत्त मुख्याध्यापक शाळेची किल्ली स्वतःकडेच ठेवतो, परत द्यायला तयार होत नाही, अशी गोष्ट. संध्याकाळी त्याच्या घरी बसायचो, बोलायचो, भांडायचो, वहिनी चहा आणून ठेवायच्या, तो थंड व्हायचा. टाइप तो करायचा, त्याला मराठी टायपिंग येत होतं.

फिल्म झाली नाही. निर्मात्यानं आधी होकार दिला, मग दुसरा खर्डा मागितला, मग तिसरा. कुठला खर्डा त्याच्याकडे आहे हे शेवटी आम्हालाही कळेना. बदललेली पानं काही त्यानं दिली होती, काही मी. वाचन झालं तेव्हा निम्म्या लोकांच्या हातात एक शेवट होता आणि निम्म्यांच्या हातात दुसरा. पण ते दुःख मोठं नव्हे. मोठं हे की, त्यातून आम्हा दोघांत शेवटच्या सीनवरून वाद झाला. मुख्याध्यापक किल्ली देतो, पण कुलूपच बदललेलं असतं, ही कल्पना माझी असं मी म्हणत होतो. तो म्हणायचा, "अरे, हे मी तुला गच्चीवर सांगितलं होतं." दीड वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पुढे बोलायला लागलो, पण त्या सीनचा विषय कधी काढला नाही. मग तो गेला.

काही वर्षांनी वहिनींनी मला एक सीडी आणून दिली. म्हणाल्या, "यात तुमचं काहीतरी आहे, बघा." मी ती उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर असा नुसता कचरा. कारण साधं होतं. त्या काळच्या मराठी फाँटमध्ये फाइलच्या पोटात साठवलेली खूण इंग्रजी अक्षराची असायची, आणि फाँट तिच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवायचा. फाँट गेला की चित्र गेलं, उरली ती खूण. आज युनिकोडमध्ये 'क' ला 'क' चीच खूण आहे, फाँट कुठलाही असो. म्हणून कोणी 'आमच्याकडे जुनाच फाँट चालतो' असं म्हणालं तरी तुम्ही युनिकोडच धरा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं खटपट करून तो मजकूर युनिकोडमध्ये आणून दिला. काही जोडाक्षरं तुटली होती, ती मी हातानं लावली. आणि शेवटचा सीन वाचला. मंडळी, मला माझी वाक्यं ओळखता आली नाहीत. हे मी लिहिलं, हे त्यानं, असं एका ओळीबद्दलही मी छातीठोकपणे सांगू शकलो नाही.

मिळून लिहिणं म्हणजे काय?

नंतर मी कॉपीराइटचा कायदा वाचला, 1957 चा. त्यात संयुक्त कर्तृत्वाची व्याख्या आहे. दोघांनी किंवा अधिकांनी सहकार्यानं केलेली अशी कृती, जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही. म्हणजे वेगळं काढता न येणं हाच तिथे निकष आहे. जे न सापडल्यामुळे आम्ही दीड वर्ष भांडलो, ते न सापडणं हीच आमच्या सहलेखनाची खूण होती! अशा कृतीवरचा हक्क दोघांपैकी जो शेवटी जाईल त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे कायद्यालेखी माझा मित्र त्या पटकथेत माझ्याइतकाच आहे, आणि त्याचा वाटा वहिनींचा आहे.

पण मिळून लिहिण्याचा हा एकच प्रकार नाही. सॉफ्टवेअर निवडताना आपला प्रकार कोणता हे ओळखावं लागतं.

एक प्रकार थरांचा. हिंदी-मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशी तीन नावं वेगळी येतात. 'अर्धसत्य' घ्या, 1983 चा. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची, हिंदी संवाद वसंत देव यांचे. इथे एकाचं काम संपल्यावर दुसऱ्याचं सुरू होतं. या प्रकाराला एकाच वेळी दोघांनी टाइप करण्याची सोय लागत नाही. प्रत्येक थर कोणत्या तारखेला, कोणी, कोणाकडे सोपवला, याची स्वच्छ नोंद लागते.

दुसरा प्रकार एकत्र बसण्याचा. कुरोसावांचा 'सेव्हन समुराय' 1954 चा. तो तिघांनी लिहिला : कुरोसावा, हाशिमोतो आणि ओगुनी. अतामी या गावी एका सरायीत मुक्काम ठोकून. कुरोसावा आणि हाशिमोतो लिहीत, आणि ओगुनी स्वतः फारसं न लिहिता, लिहिलेलं वाचून निवाडा करत. हे बघा, तिथे लेखक दोन आहेत म्हणून काम झालं नाही, निवाडा करणारा एक होता म्हणून झालं.

तिसरा प्रकार आजचा. एक जण पुण्यात, दुसरा नाशिकला किंवा न्यू जर्सीला, आणि एकच पान दोघांच्या पडद्यावर. 'रायटरड्युएट'ची तर ही खासियतच, नावातच दोघांचं गाणं आहे. सेलटेक्स, 'आर्क स्टुडिओ' यांच्यातही ही सोय आहे. फायनल ड्राफ्टमध्येही आहे, पण तिथे दोघांकडे तो प्रोग्रॅम असावा लागतो. आणि साधं गूगल डॉक्स विसरू नका. समास आपल्याला लावावे लागतात, पण देवनागरी उत्तम चालते, आणि कोणी केव्हा काय बदललं याचा इतिहास राहतो.

या तिसऱ्या प्रकाराबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. दोघांनी एकाच क्षणी एकाच ओळीत हात घातला तर ते बदल एकमेकांत बसवणं हे यंत्राला जमतं. पण ते अक्षरं जुळवतं, अर्थ जुळवत नाही. समजा तुम्ही बाराव्या सीनमध्ये आईला मारलंत, आणि त्याच संध्याकाळी तुमच्या मित्रानं चाळिसाव्या सीनमध्ये आईचा फोन येतो असं लिहिलं. यंत्राच्या दृष्टीनं काही भांडण नाही, दोन बदल दोन वेगळ्या जागी आहेत. हिरवी खूण येईल, सगळं जतन झालं म्हणून. पटकथा मात्र मोडलेली असेल. म्हणून एकाच वेळी टाइप करण्याची सोय दुरुस्तीच्या बैठकीला फार चांगली, पहिल्या खर्ड्याला बेताची. पहिला खर्डा सीन वाटून घ्या, नाहीतर पाळी लावा : आज फाइल तुझी, उद्या माझी.

कुठली प्रत खरी?

ही चिंता आपल्याकडे जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये पाठभेद माजले तेव्हा एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती ताडून शुद्ध प्रत तयार केली, आणि यापुढे कोणी तिच्यात आपल्या ओव्या घालू नयेत असं बजावलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, 1919 ला काम सुरू झालं ते 1966 ला पुरं झालं. कारण हेच, शेकडो पोथ्या आणि प्रत्येकीत थोडा फरक. आपण पटकथेला 'संहिता' म्हणतो ते उगाच नाही. फायनल, फायनल-दोन, खरंच-फायनल अशा नावांच्या फाइली ज्यांच्या संगणकात आहेत, त्यांनी आपल्या पटकथेवर संशोधकांची हीच वेळ आणून ठेवली आहे.

तेव्हा मिळून लिहिणाऱ्यांनी प्रोग्रॅम घेण्याच्या आधी एक कागद घ्यावा. साधा, एक पानाचा. त्यावर पाच गोष्टी. श्रेय कसं आणि कोणत्या क्रमानं. पैसे आले तर वाटणी. खरी प्रत कुठे राहील आणि ती कोणाच्या ताब्यात. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, किंवा तिसरा कोणाचा. आणि आपल्यापैकी एक सोडून गेला, कोणत्याही अर्थानं, तर काय. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख.

अमेरिकेतल्या लेखकसंघानं श्रेयाचा प्रश्न किती बारकाईनं सोडवला आहे बघा. श्रेयनामावलीत दोन नावांच्या मध्ये 'आणि'चं चिन्ह असेल तर ते दोघे जोडीनं लिहिणारे. 'आणि' हा शब्द अक्षरांत लिहिला असेल तर त्यांनी वेगवेगळं, एकामागून एक काम केलं. एका चिन्हात सगळा करार! आपल्याकडे मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन पटकथेची नोंदणी करते. ती कोणाकडे वाचायला देण्यापूर्वी, दोघांच्या नावानं करून ठेवावी.

मग घ्यायचं काय?

सरळ सांगतो. एकटे असाल, पहिली पटकथा असेल, तर एक पैसाही खर्च करू नका. फाउंटनच्या रीतीनं लिहा किंवा फुकट प्रोग्रॅम घ्या. दोघं असाल आणि दूर राहत असाल तर ऑनलाइन सेवा घ्या, पण दर आठवड्याला मजकूर बाहेर काढून दोघांच्या संगणकांवर ठेवा. निर्मिती संस्थेनं काम दिलं तर ती जे वापरते तेच वापरा, तिथे आपली आवड चालत नाही. बहुधा ती 'एफडीएक्स' फाइल मागेल. तो फायनल ड्राफ्टचा साचा आहे, पण आत साधा खुणांचा मजकूरच असल्यानं इतर पुष्कळ प्रोग्रॅमनाही तो वाचता-लिहिता येतो. आणि पीडीएफवर विसंबू नका. पीडीएफ हे छायाचित्र आहे, दाखवायला छान. तिच्यातून मराठी मजकूर परत काढायला गेलात तर जोडाक्षरांची मोडतोड होते.

वेळ संपत आलीय. दोन प्रश्न घेऊ.

*प्रश्न : सर, आता एआय संवाद लिहून देतं. मग तो तिसरा कर्ता का नाही?*

कारण तो नकार देऊ शकत नाही. माझा मित्र म्हणायचा, "हा सीन खोटा आहे, मी टाइप करणार नाही." ते त्याचं स्वातंत्र्य. अमेरिकेतल्या लेखकसंघाच्या 2023 च्या करारातही एआयला लेखक मानलेलं नाही. करणाला करणाच्या जागी ठेवा.

*प्रश्न : बदलांचा इतिहास तुमच्या वेळी असता, तर तो वाद मिटला असता का?*

नाही हो. इतिहासात एवढंच दिसलं असतं की सगळा सीन त्यानं टाइप केला. टाइप तोच करायचा. गच्चीवर कोण काय बोललं हे कुठल्या प्रोग्रॅममध्ये दिसणार? तो वाद मिटवायला एक कागद पुरला असता, सुरुवातीला केलेला. तो आम्ही केला नाही, कारण मित्रामित्रांत असले कागद करणं आम्हाला अपमानास्पद वाटलं. त्या मुलाला माझा निरोप द्या, इथे असेल तर ऐकतच असेल : आधी मित्राबरोबर तो कागद कर, मग सॉफ्टवेअर बघ.

ती पटकथा मी आता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवली आहे, दोघांची नावं मधे 'आणि'चं चिन्ह घालून. एक प्रत माझ्याकडे, एक वहिनींकडे.

थांबतो. नमस्कार.